आजोबांच्या नावावरची दुनळी: वारसाहक्काने लायसन्स आणि नळीवरच्या खुणा

उमरेडरोड:
आजोबा गेल्या महिन्यात वारले. उमरेडच्या घरी त्यांची बारा बोअरची दुनळी आहे, लायसन्स त्यांच्याच नावावर. बाबा नागपुरात धरमपेठेत राहतात, बंदूक त्यांच्या नावावर व्हावी असं सगळ्यांना वाटतं. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर आर. बी. रॉडा, कलकत्ता असं कोरलंय. नळीच्या खालच्या बाजूला अंडाकृती शिक्का आहे, आत ईएलजी, वर मुकुट. घरात दोन कथा चालत आल्या आहेत. एक, चांद्याच्या डेप्युटी कमिशनरने पणजोबांना वाघाच्या शिकारीनंतर बक्षीस दिली. दुसरी, क्रांतिकारकांनी कलकत्त्यात लुटलेल्या मालातली ही बंदूक. खरं कसं ओळखायचं? गंज चढलाय, पॉलिश पेपरने घासू का? आणि गाडीत घालून नागपूरला आणली तर चालेल का?

परवाना_पेटी:
भाऊ, गाडीत घालून अजिबात आणू नका. आजोबांचं लायसन्स तुम्हाला संरक्षण देत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम २१ नुसार वारसांनी बंदूक होईल तितक्या लवकर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा २ ते ५ वर्षे आहे. आधी उमरेड ठाण्याला कळवा, मूळ लायसन्स आणि मृत्यूचा दाखला सोबत न्या. काडतुसंही मोजून जमा करा.

पावतीवर नंबर, बोअर, नळीची लांबी आणि दस्त्याची अवस्था लिहून घ्या. नंबर नीट जुळवा, प्रकरणं इथेच अडकतात. जुन्या लायसन्सात कारकुनाने पट्टीवरचं दुकानाचं नाव कारखाना म्हणून लिहिलेलं असतं, किंवा पेटंटचा आकडा बंदुकीचा नंबर म्हणून. खरा नंबर बहुधा चापाच्या कडीच्या शेपटीवर किंवा नळ्या उघडल्यावर खालच्या सपाट भागावर सापडतो.

अर्ज बाबा राहतात तिथे, म्हणजे नागपूर पोलीस आयुक्तांकडे. ते उमरेडला राहत असते तर जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला असता. फॉर्म ए-१, २०१६ च्या शस्त्र नियमांतला नियम २५. त्यासोबत बाकी सगळ्या वारसांची ना हरकत. आत्यांची सही लोक हमखास विसरतात आणि फाइल परत येते. शिवाय वैद्यकीय दाखला आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला. बाबांच्या नावावर आधीच दोन बंदुका असतील तर वारसाने तिसरी मिळत नाही. जमा केलेल्या मालाला मुदत असते, ती उलटली तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने बंदूक सरकारजमा होऊ शकते. म्हणून पावती मिळाली की लगेच अर्ज करा.

दमिश्की:
कथांबद्दल. रॉडा हे कलकत्त्यातलं दुकान. त्यांच्या मालाची लूट झाली २६ ऑगस्ट १९१४ ला, पण तिच्यात गेली ती ५० माउझर पिस्तुलं आणि त्यांची काडतुसं. बारा बोअरची दुनळी त्या मालात नव्हती, त्यामुळे दुसरी कथा बाद. दुकानाच्या नावावरूनच ती घरात जुळली असावी.

ईएलजी ही बेल्जियममधल्या लिएजच्या चाचणीगृहाची खूण. वरचा मुकुट १८९३ पासूनचा, म्हणजे चाचणी त्यानंतरची. आता सिंहाखाली पीव्ही ही अक्षरं शोधा. ती असतील तर नळी धूरविरहित दारूवर तपासलेली आहे. नसतील तर आजच्या काडतुसांसाठी ती तपासलेलीच नाही, आणि नळीवर वळणदार नक्षी असली तर धोका आणखी. काडतुसाच्या खोलीची, म्हणजे नळीत मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेची, लांबीही मोजून घ्या. जुन्या ६५ मिलिमीटर खोलीत ७० चं काडतूस बसतं, म्हणून लोक फसतात. बार उडताना त्याचं तोंड उलगडून पुढच्या अरुंद भागात घुसतं आणि दाब वाढतो.

बक्षिसाच्या कथेचा माग कागदात लागेल. लायसन्सचं सगळ्यात जुनं पुस्तक शोधा. मध्य प्रांताच्या काळात जिल्ह्याचा प्रमुख डेप्युटी कमिशनरच असे, म्हणून त्याचा शिक्का प्रत्येक लायसन्सवर दिसेल. निव्वळ शिक्क्यावरून बक्षीस सिद्ध होत नाही. बंदूक कोणाकडून आली ते नोंदीत असेल तर तो पुरावा. बक्षिसाच्या बंदुकीला बऱ्याचदा दस्त्यावर नावाची चांदीची पट्टी असे. ती निघाली असेल तर खिळ्यांची दोन भोकं राहतात.

उमरेडरोड:
पीव्ही दिसत नाही. दस्त्यावर भोकं मात्र आहेत, दोन, साधारण दीड इंच अंतरावर. गंजाचं काय?

दमिश्की:
भोकांचा फोटो काढून ठेवा, जमा करण्याआधी. खुणांचेही फोटो काढा, तिरप्या उजेडात.

पॉलिश पेपर लावू नका, खुणा पुसल्या की बंदुकीचा इतिहासच गेला. सफाई लायसन्स झाल्यावर, परवानाधारक कारागिराकडून: पातळ तेलात भिजवलेली चार शून्यांची, म्हणजे अगदी बारीक, स्टील वूल, हलक्या हाताने. नळ्या सुट्या करून टांगून बोटाने टिचकी मारली तर घंटेसारखा आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तर पट्टीचं डाख सुटलंय. दस्त्याला जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात पुरे. मे महिन्यात लाकूड आकसून दस्त्याच्या मनगटाजवळ, म्हणजे चापामागे हाताने धरतो त्या बारीक भागाशी, तडा जातो, तिथे बघा. आणि चामड्याच्या म्यानात कधीच ठेवू नका, पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि नळीला खड्डे पडतात.

परवाना_पेटी:
पोलीस ठाण्याच्या मालखान्यापेक्षा विक्रेत्याकडे भाडं देऊन ठेवलेली बरी, तेलपाणी होतं. फक्त पावती त्याच्या परवाना क्रमांकासह घ्या.