मदत हवी आहे: बसबार सिम्युलेशनमध्ये ७० अंश, प्रत्यक्षात ९७!

वैतागलेला_नोड
तीन दिवस डोकं आपटतोय. तांब्याचा बसबार (पॅनेलमधला करंट वाहणारा जाड पट्टा), कॉमसोल या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये विद्युत आणि उष्णता जोडून मॉडेल केलंय. ७० येतात. खऱ्या बारवर थर्मोकपलने (तापमान मोजायच्या तारेने) मोजले तर ९७. मेश (मॉडेलचे केलेले तुकडे) चार वेळा बारीक केली, उत्तर हलत नाही. सोमवारी रिव्ह्यू आहे. लवकर सांगा.

जुना_फिटर
माप? करंट? एसी की डीसी? नुसतं "बसबार" म्हटल्यावर आम्ही काय ओळखायचं?

मेशबहाद्दर
जाडीत निदान पाच थर घ्या. माझ्या मोटरच्या मॉडेलमध्ये त्यानेच काम झालं होतं.

जुना_फिटर
अहो, मेशने काही हलत नाही हे त्याने वरच लिहिलंय.

वैतागलेला_नोड
४० बाय ५ मिमी, लांबी ५००. ६०० अँपिअर डीसी. बाहेर ३० अंश. हवेसाठी एच (दर चौरस मीटरला, दर अंशाला किती वॅट उष्णता जाते तो आकडा) १० घेतलाय, सगळे तोच घेतात.

मुक्तस्रोत
एवढ्याशा कामाला विकतचं सॉफ्टवेअर? एल्मर फुकट आहे.

उष्मा
"सगळे घेतात" हे काय कारण झालं? चकचकीत तांब्यातून रेडिएशन जवळपास नसतंच, काळं पडलेल्यातून भरपूर होतं. बार कसा आहे? आणि रोधकता तापमानाबरोबर बदलती ठेवलीय का? अंशामागे ०.३९ टक्के वाढते.

वैतागलेला_नोड
काळपट आहे. रोधकता बदलती ठेवलीय.

उष्मा
मग १० चालून जाईल.

रॅमराव
१६ जीबी रॅममध्ये असलं मॉडेल चालतं का?

जुना_फिटर
हातानेच करून बघू. थंड बारचा रोध ४२ मायक्रोओहम, गरम झाल्यावर ५० धर. ६०० च्या वर्गाने गुणलं की १८ वॅट. पृष्ठभाग ०.०४५ चौरस मीटर, एच १०, म्हणजे ४० अंश वाढ. तुझे ७० बरोबर आहेत! जे विचारलंस त्याचं उत्तर मिळालं. वरचे २७ अंश दुसरीकडून येतायत. मधे जोड आहे का?

वैतागलेला_नोड
आहे की, दोन बोल्टचा. मॉडेलमध्ये एकसंध धरलाय. तांब्याला तांबंच तर टेकलंय.

जुना_फिटर
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं रे बाबा! दोन पृष्ठभाग खरे टेकतात ते मोजक्या उंचवट्यांवर, म्हणून जोडात जादा रोध येतो. मायक्रोओहम मीटरने जोड मोज, चार तारांनी.

मुक्तस्रोत
एल्मरमध्येही जोडाचा रोध देता येतो.

मेशबहाद्दर
जोडापाशी मेश बारीक लागेल, मी म्हणतच होतो.

उष्मा
तुम्ही जाडीतले थर म्हणत होतात.

वैतागलेला_नोड
मोजला. २९ मायक्रोओहम! एकट्या जोडात दहा वॅट. मॉडेलमध्ये घातला, ९६ आले. आभार. पण आता स्ट्रेस (तापल्याने येणारा ताण) जोडला तर आख्ख्या बारमध्ये १२५ मेगापास्कल दाखवतोय. हे काय नवीन?

जुना_फिटर
दोन्ही टोकं फिक्स केलीस ना? एवढ्या तापमानाला बार अर्ध्या मिमीहून जास्त वाढतो, त्याने जायचं कुठे? खऱ्या पॅनेलमध्ये एक टोक सरकतं का, ते आधी बघून ये.

रॅमराव
१६ जीबीचं कुणी सांगेल का?