शब्दचर्चा : आउटपुट ‘स्ट्रीम’ होतं म्हणजे मराठीत काय होतं?

कोरांटी
मी आणि माझा धाकटा भाऊ हौस म्हणून एक छोटी रिअ‍ॅक्टिव्ह भाषा लिहितोय. खाली नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम), वर आमची भाषा. तिच्यात ‘ब = अ + १’ लिहिलं की ते एकदा होऊन संपत नाही. नंतर कधीही अ बदलला तर ब आपोआप बदलतो, स्प्रेडशीटमधल्या चौकटीसारखा. आता तिच्यातून शेलच्या, म्हणजे टर्मिनलवर टाइप करून सोडतात त्या, कमांड चालवायची सोय केली आणि मदतपान मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. पहिलं वाक्य उतरलं ते असं : ‘प्रतिक्रियाशील भाषेत कवच-आज्ञा कार्यान्वित करून त्यांचे निर्गत प्रवाहित करणे.’ भावाने वाचलं आणि विचारलं, ‘कुंडलं कुठे ठेवलीस?’
कवच (शेल), आज्ञा (कमांड), निर्गत (आउटपुट), प्रवाहित (स्ट्रीम), प्रतिक्रियाशील (रिअ‍ॅक्टिव्ह). यातलं काय ठेवू आणि काय टाकू?

जुना_टर्मिनलवाला
पहिले तीन टाका. शेलला शेल म्हणा. हे नाव लुई पूझाँ यांनी १९६०च्या दशकात मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वेळी दिलं. कल्पना अशी की आत गाभा, म्हणजे कर्नल, आणि बाहेर त्याचं टरफल. मराठीच करायचं तर कवचापेक्षा करवंटी जवळची, आत खोबरं असतं म्हणून. पण ऑफिसात मी ‘करवंटी उघडा’ म्हणालो असतो तर करवंटीआधी नारळच हातात पडला असता.
कमांडही कमांडच. आपण ती चालवतो, सोडतो, बहुतेक वेळा ‘मारतो’. कार्यान्वित करताना मी कुणालाच पाहिलेलं नाही. आउटपुटचं तेच.

सानुनासिक
तिन्ही शब्द इंग्रजीच ठेवायचे तर मग मराठी मदतपान कशाला? ‘प्रवाह’ काय वाईट आहे? विद्युतप्रवाह म्हणतोच ना आपण?

कोरांटी
तिथेच अडचण आहे, काका. प्रवाह म्हटलं की विजेचा नाहीतर नदीचा. दोन्ही अखंड. कमांडचं आउटपुट अडखळत येतं. तीन ओळी, मग वीस सेकंद शांतता, मग एकदम चारशे ओळी. ‘धारा’ म्हटलं तर पावसाच्या किंवा कायद्याच्या कलमाच्या, ‘धार’ तर सुरीची नाहीतर म्हशीची. ‘ओघ’ मला आवडला होता, पण ‘आउटपुटचा ओघ’ म्हटलं की खूप येतंय असं वाटतं. एकच ओळ आली तरी स्ट्रीम ती स्ट्रीमच.

पाटकरी
ताई, तुम्ही नाम शोधताय. मराठीला इथे नाम लागतच नाही.
नोडमध्ये कमांड चालवायच्या दोन मुख्य वाटा आहेत : एक्झेक आणि स्पॉन. दर सेकंदाला एक ओळ छापणारी, दहा ओळींची कमांड घ्या. एक्झेकने चालवली तर दहा सेकंद काही नाही, मग दहाही ओळी एकदम. स्पॉनने चालवली तर एक, एक, एक. हे दोन प्रकार तुमच्या आईला समजावायचे असतील तर काय म्हणाल? पहिला ‘झाल्यावर दाखव’, दुसरा ‘येईल तसं दाखव’. पुऱ्या परातीत साठवून मग पंगतीला न्यायच्या, की कढईतून निघतील तशा पानात वाढायच्या, तोच फरक.
परात भरून सांडायचीही सोय आहे. एक्झेकची परात, वेगळं काही सांगितलं नाही तर, १ एमबीची. त्यापुढे आउटपुट गेलं की जेवढं मावलं तेवढंच तुमच्या हातात येतं आणि कमांड मारली जाते. म्हणजे ‘येईल तसं’ हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही.

कोरांटी
‘येईल तसं’! दोन आठवडे कोश चाळत होते मी.
पण मग हे सांगा. आम्ही स्पॉनच वापरतोय. पायथॉनची एक स्क्रिप्ट चालवली, दर सेकंदाला ओळ छापणारी. टर्मिनलवर ओळी येईल तशा दिसतात, आमच्या भाषेत मात्र मिनिटभर काहीच नाही आणि मग सगळं एकदम. भावाचं म्हणणं की माझा कोड चुकला. माझं म्हणणं की त्याचा.

जुना_टर्मिनलवाला
दोघांचाही नाही. परात तुमच्याकडे नाही, आचाऱ्याकडे आहे. पायथॉन काय किंवा सी-मधले बहुतेक प्रोग्राम काय, लिहिण्याआधी बघतात की समोर टर्मिनल आहे का. टर्मिनल असेल तर ओळ पुरी झाली की देतात. नसेल तर समोर माणूस नाही असं धरतात आणि काही हजार बाइट साठेपर्यंत थांबतात, कारण दर ओळीला ऑपरेटिंग सिस्टिमच्या दारात जाणं महाग पडतं. पायथॉनला सुरुवातीलाच वजा-यू हा पर्याय द्या. मजकुरात शोधणाऱ्या ग्रेपला लाइन-बफर्ड नावाचा पर्याय आहे.
आता शब्द. हे साठतं त्या बफरला ‘साठवण’ चालेल. साठलेलं पुढे सोडून द्यायचं, त्या ‘फ्लश’चं काय करणार ते बघा. ‘प्रत्येक ओळीनंतर फ्लश करा’ असं मराठी पानावर लिहिलंत तर वाचणारा वेगळ्याच खोलीत जाईल.

सानुनासिक
‘साठवण रिती करणे.’ हा घ्या माझ्याकडून एक. आणि ते तुकडे येतात त्यांना काय म्हणता? ‘खंड’?

पाटकरी
खेप. ‘पहिल्या खेपेला तीन ओळी आल्या.’ विहिरीवरून पाण्याच्या खेपा घालणाऱ्याला हेही पाठ असतं की खेप म्हणजे हंडा भरलेलाच असं नाही. तसंच इथे. खेप म्हणजे ओळ नव्हे. एका खेपेत अर्धी ओळ येईल किंवा साडेसात येतील. ओळी आपण जुळवायच्या, उरलेला अर्धा तुकडा पुढच्या खेपेपर्यंत हातात धरून.

कोरांटी
याचा मराठी पुरावा माझ्याकडे आहे. मराठी मजकुराची मोठी फाइल कॅट केली, म्हणजे कमांडने जशीच्या तशी छापली, तर मध्येच एका शब्दात काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हं उगवली. फाइल तपासली, ती शुद्ध. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायच्या नेहमीच्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये), देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘पाऊस’ म्हणजे प, काना, ऊ, स : १२ बाइट. नोड एका खेपेत जास्तीत जास्त ६५,५३६ बाइट उचलतं. त्याला ३ने भागा, १ उरतो. म्हणजे सलग देवनागरी असेल आणि खेप पूर्ण भरून आली, तर २१,८४६ व्या चिन्हाचा एक बाइट या खेपेत आणि दोन पुढच्या. आम्ही प्रत्येक खेप सुटी वाचत होतो, म्हणून दोन्हीकडे कचरा. इंग्रजी मजकुरावर हे कधी कळलंच नसतं, तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. इलाज एका ओळीचा : स्ट्रीमलाच सांगायचं की एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे, मग ती अर्धवट चिन्ह स्वतःकडे ठेवून घेते.
तरीही ‘क्ष’ क्वचित गंमत करतो. तो तीन चिन्हांचा. क आणि हलन्त या खेपेत आले तर पडद्यावर क्षणभर ‘क्’ दिसतो, मग ‘ष’ येऊन बसला की ‘क्ष’ होतो. ते मी तसंच सोडलंय. बघायला मजा येते.

मिरजकर
‘बॅकप्रेशर’ला काय लिहिलंत? आमच्याकडे शब्द तयार आहे : फुगवटा. अलमट्टीचं पाणी अडलं की फुगवटा कुठवर येतो यावर सांगली-कोल्हापुरात दर पावसाळ्यात वाद होतो. पुढे वाचणारा हळू चालला की मागे लिहिणाऱ्याकडे तुंबतं, तेच हे.

पाटकरी
शब्द झकास, पण अर्ध्याच गोष्टीला बसतो. फुगवटा हा परिणाम. शेलच्या पाइपमध्ये, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीकडे नेणाऱ्या नळीत, तो दिसतो : लिनक्सवर पाइपमध्ये साधारणपणे ६५,५३६ बाइट मावतात, ते भरले की लिहिणाऱ्या प्रोग्रामला कर्नल जागच्या जागी थांबवतो. पण जिथे वाचणारा स्वतः मागे कळवतो, ‘आता दहाच पाठव’, तिथे फुगवटा येऊच देत नाहीत. शेतात दारं धरणारा वाफा भरत आला की मोटरीवरच्याला हाक मारतो, ‘बंद कर रे!’ बॅकप्रेशर म्हणजे ती हाक. तिला एक शब्द माझ्याकडे नाही.
पाण्याचेच शब्द सुचतात याचं नवल नको. पाइपची कल्पनाच तिथून आली. बेल लॅब्जमध्ये डग मॅकिलरॉय यांनी १९६४मध्ये टिपणात लिहिलं होतं की बागेतली रबरी नळी जोडतो तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता यायला हवेत. युनिक्समध्ये ते आलं १९७३ला, केन थॉम्पसन यांच्या हातून.

कोरांटी
मिरजकर, तुमचा फुगवटा मी तरीही घेणार, एका ठिकाणी. आम्ही साधं आउटपुट वाचत होतो आणि चुका-इशाऱ्यांसाठीची वेगळी एररची नळी वाचतच नव्हतो. एक कमांड इशाऱ्यांवर इशारे लिहीत सुटली, ती नळी भरली आणि कमांड अर्ध्यात गोठली. ना चूक, ना शेवट. चार तास आम्ही तिला ‘चालू आहे’ समजत होतो. तिथे मी लिहिलंय : ‘दोन्ही नळ्या वाचा, नाहीतर फुगवटा येऊन कमांड तुंबेल.’
अजून एक अडलंय. कमांड संपताना नोड दोन वेळा सांगतं, एकदा ‘एक्झिट’, एकदा ‘क्लोज’. दोन्हीला मी ‘संपली’ लिहिलं होतं.

पाटकरी
मोटर बंद केली तरी पाटातलं पाणी वाफ्यापर्यंत येतच राहतं. एक्झिट म्हणजे मोटर बंद. क्लोज म्हणजे पाट कोरडा. एक्झिट ऐकून आवराआवर केलीत तर शेवटच्या ओळी जातील.

सानुनासिक
आणि रिअ‍ॅक्टिव्ह? तो सगळ्यांनी सोयीस्कर विसरलात.

जुना_टर्मिनलवाला
प्रतिक्रियाशील नको. पेपरात ‘प्रतिक्रिया’ पुढारी देतात. अभिक्रियाशील म्हटलं तर सोडियम पाण्यात टाकल्यासारखं. कॉनल एलियट आणि पॉल हुडाक यांनी १९९७मध्ये रिअ‍ॅक्टिव्ह अ‍ॅनिमेशनवर निबंध लिहिला, त्यातली मूळ कल्पना वेळेबरोबर बदलणाऱ्या किमतीची. क्रिया-प्रतिक्रियेची नाही.

पाटकरी
इथेही नाम सोडा. ‘जसजसा अ बदलतो तसतसा ब बदलतो.’ जसजसं-तसतसं ही जोडी शाळेपासून आपल्याकडे आहे. नेमका तोच अर्थ.

कोरांटी
किमतींपुरता नेमका. कमांडला लावला की अंगावर येतो. ‘जसजसं फाइलचं नाव बदलतं तसतशी कमांड चालते’ असं आम्ही पहिल्यांदा केलं होतं. फाइल पुसायची कमांड होती. चौकटीत नाव टाइप करताना प्रत्येक अक्षराला ती चालली, आणि माझ्याकडे ‘न’ नावाची एक फाइल होती. आता नियम असा : कमांडचं आउटपुट जसजसं येईल तसतशी पुढची किंमत बदलेल, पण कमांड सुटेल ती सांगितल्यावरच. जसजसं फक्त एका बाजूला.
तर वाक्य असं झालं : ‘कमांड मारा. तिचं आउटपुट येईल तसं मिळेल, आणि त्यावर अवलंबून असलेलं सगळं तसतसं बदलेल.’ शीर्षकात रिअ‍ॅक्टिव्ह राहू देते.

सानुनासिक
‘मारा’ नको. ‘चालवा’ करा. बाकी हरलो.

कोरांटी
चालवा केलं. शेवटचं एकच : चाइल्ड प्रोसेस, म्हणजे एका प्रोग्रामने सुरू केलेला दुसरा. ‘मूल प्रक्रिया’ लिहिलं तर भाऊ ती ‘मूळ’ वाचतो, म्हणजे नेमकी उलटी, पालक. ‘लेकरू’ कसं वाटतं?

जुना_टर्मिनलवाला
उपप्रक्रिया लिहा. पुढच्याच परिच्छेदात ती किल करायची आहे ना तुम्हाला?