'वॉरलॉक' म्हणजे युद्धकुलूप नव्हे

गेल्या महिन्यात उपशीर्षकांची एक फाईल तपासायला आली. परदेशी मालिका, स्कॉटलंडमधल्या चेटकिणींची. मराठी तर्जुमा यंत्राने आधीच करून ठेवलेला. आमच्याकडून फक्त 'नजर फिरवून' हवी होती आणि दरही नजर फिरवण्याचाच. तिसऱ्या मिनिटाला एक दाढीवाला दारात उभा राहतो, बाई किंचाळते आणि खाली अक्षरं उमटतात: 'युद्धकुलूप आला!'

वॉर म्हणजे युद्ध, लॉक म्हणजे कुलूप. यंत्राचा हिशेब चोख. पुढे त्याच बाईच्या मांडीवरचं काळं मांजर 'तिचा ओळखीचा' झालं होतं, कारण मुळात शब्द होता 'फमिलियर'. उरलेल्या डझनभर शब्दांना एकच रामबाण उपाय: जादू. जादूचं पुस्तक, जादूचा माणूस, जादूची नजर. तेव्हापासून हे शब्द वहीत टिपून ठेवतोय. त्यातले काही इथे मांडतो, चुकलो असेन तर कान धरा.

आधी युद्धकुलपाचं बघू. जुन्या इंग्रजीत शब्द होता 'वेअरलोगा'. 'वेअर' म्हणजे दिलेला शब्द, करार. 'लोगा' म्हणजे त्याला खोटा पडणारा. वचन मोडणारा, बेइमान. सैतानालाही हाच शब्द लावत. पुढे स्कॉटलंडमध्ये तो पुरुष चेटक्याला चिकटला. शपथ मोडण्यावरून आलेला असा शब्द मराठीत सापडेना, म्हणून 'चेटक्या'वर भागवलं.

'फमिलियर'ने मात्र रात्र खाल्ली. चेटकिणीच्या खटल्यांमध्ये हा वारंवार येतो: मांजर, बेडूक, उंदीर असल्या रूपात तिच्यापाशी राहणारं आणि तिची कामं करणारं पिशाच्च. मूळ लॅटिन 'फामुलुस', म्हणजे घरचा नोकर, 'फॅमिली'ही तिथलीच. आता आपल्याकडे या. संस्कृत नाटकांत चेट म्हणजे गडी, चेटी म्हणजे दासी. चेटूक याच घरातलं असावं असं मला पक्कं वाटतं. सावंतवाडीच्या एका मित्राला फोन केला तर तो हसायलाच लागला. 'अरे, आमच्याकडे चेडो असता तो काय मगे?' मालवणीत चेडू म्हणजे मुलगी, चेडो म्हणजे मुलगा, आणि चेडा हा कोकणातल्या भुतांच्या यादीतला मानाचा गडी. पोरगा, नोकर, भूत, सगळं एका शब्दात. मी 'चेडा' लिहिलं. कंपनीने 'प्रादेशिक वाटतो' म्हणून काढलं. स्कॉटलंडची गोष्ट, प्रादेशिक नाही तर काय होणार?

आता माझ्या आवडीचा शब्द: 'ग्लॅमर'. सिनेमावाल्यांनी तो इतका घासला की त्याच्या जन्माची आठवणच कुणाला राहिली नाही. हा शब्द चक्क 'ग्रामर'चा, म्हणजे व्याकरणाचा, बिघडलेला भाऊ आहे. मध्ययुगात ज्याला लिहिता-वाचता येई तो लॅटिन व्याकरण शिकलेला. आणि ज्याला ते येत नसे त्याच्या दृष्टीने पुस्तकात डोकं घालून पुटपुटणारा माणूस काहीही करू शकत होता. म्हणून 'ग्रामरी' म्हणजे गूढविद्या. फ्रेंचांनी त्याच 'ग्रामेर'चं 'ग्रिमॉयर' केलं, मंत्रांचं पुस्तक. स्कॉटिश लोकांनी 'ग्लॅमर' केलं. अ‍ॅलन रॅम्सी या स्कॉटिश कवीने १७२१ मध्ये आपल्या कवितांना जोडलेल्या शब्दसूचीत अर्थ दिलाय तो असा: सैतान, जादूगार किंवा हातचलाखीवाले लोकांच्या डोळ्यांना फसवतात, तेव्हा त्यांनी ग्लॅमर टाकलं म्हणतात. म्हणजे शुद्ध नजरबंदी! पुढे कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने हा शब्द इंग्रजी वाचकांच्या तोंडी बसवला आणि मग तो हळूहळू नट्यांच्या गालांपर्यंत पोचला.

मालिकेत नायिका म्हातारीची तरुणी होते तिथे 'नजरबंदी' बसलं. पण या शब्दाने केलेला प्रवास मराठीत दुसऱ्याच शब्दाने केलाय: गारूड. गरुड हा सापांचा वैरी, म्हणून विष उतरवायचा मंत्र तो गारुडमंत्र, आणि तो येणारा तो गारुडी. आज आपण 'तिच्या आवाजाचं गारूड' म्हणतो तेव्हा साप कुणाच्या मनात असतो? मंत्रापासून भुरळीपर्यंत, ग्लॅमरचीच वाट. 'ग्रिमॉयर'ला मी 'बाड' लिहिलं. मांत्रिकाकडे पोथी असते, ग्रंथ असतो, पण फडक्यात गुंडाळलेलं, कडा खाल्लेलं, कुणाला न दाखवायचं ते बाडच.

('हॉकस पॉकस' आणि 'अ‍ॅब्रकॅडॅब्रा'वर वेळ घालवत नाही. छूमंतर लिहा आणि पुढे चला.)

'स्क्राय' हा क्रियापद म्हणून येतो: आरशात, स्फटिकात किंवा पाण्यात टक लावून न दिसणारं बघणं. 'डिस्क्राय'चं, म्हणजे लांबचं काही नजरेने टिपण्याचं, हे तुटलेलं रूप. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात जॉन डी नावाचा मोठा गणिती होता. त्याला देवदूतांशी बोलायचं होतं, पण त्याला स्वतःला काही दिसत नसे. म्हणून एडवर्ड केली नावाचा माणूस स्फटिकात बघायचा आणि डी शेजारी बसून लिहून घ्यायचा. डीचा म्हणून दाखवला जाणारा काळ्या ज्वालामुखी काचेचा आरसा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो मेक्सिकोतल्या आझ्टेक लोकांच्या हातचा.

यंत्राने लिहिलं होतं 'जादूने पाहणे'. आपल्याकडे याला अंजन म्हणतात की! गुप्तधन शोधायचं तर अंजन घालून बघायचं, आणि तेही कुणीही बघून चालत नाही, माणूस पायाळू हवा, जन्मताना पाय आधी आलेला. विचारणारा एक, बघणारा दुसरा, तीच डी-केलीची जोडी. 'तिने अंजन घालून पाहिलं' हे वाक्य टिकलं.

आणि 'विडरशिन्स'. सूर्याच्या उलट दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध, फिरणं. चर्चभोवती असं फिरलं की अघटित घडतं, ही स्कॉटिश समजूत. याच्या उलट शुभ फेरी ती 'देशिल', हा तिथला गेलिक शब्द. मार्टिन मार्टिन नावाच्या लेखकाने स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांचं वर्णन १७०३ मध्ये छापलं, त्यात लोक हातात विस्तव घेऊन अशी फेरी घालत असल्याचं लिहिलंय. देशिलच्या मुळाशी 'देस' आहे. गेलिकमध्ये देस म्हणजे उजवा, आणि देस म्हणजे दक्षिण. आपलं 'दक्षिण'ही तसंच, हात उजवा आणि दिशा दक्षिण, कारण पूर्वेला तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला दक्षिण येते. मूळ धातूही एकच. देशिल म्हणजे प्रदक्षिणाच, नात्याने आणि अर्थाने.

मग विडरशिन्सला काय? हे मला शब्दकोशात सापडलं नाही, आठवणीत सापडलं. वडिलांच्या वेळी खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन निघालो तो सवयीने देवळातल्यासारखा उजवीकडून. गुरुजींनी दंडाला धरून वळवलं. 'तसं नाही हो, उलट. अपसव्य.' मडक्याला अश्म्याने पाडलेल्या भोकातून पाण्याची धार पाठीमागे पडत होती आणि डावा खांदा चितेकडे होता. ती चाल पायांना परकी लागते, मुद्दाम लक्ष देऊन पावलं टाकावी लागतात. नंतर श्राद्धात जानवं या खांद्यावरून त्या खांद्यावर करताना तोच शब्द पुन्हा कानी आला. आता संस्कृतात सव्य म्हणजे डावा, म्हणून दोन्ही हातांनी बाण मारणारा अर्जुन सव्यसाची; मराठीत मात्र सव्य म्हणजे नेहमीचं आणि अपसव्य म्हणजे उलटं असंच डोक्यात बसलंय. 'नसतं सव्यापसव्य' म्हणून वैतागतो ते यावरूनच. मी लिहिलं: 'तिने चर्चला अपसव्य फेरी घातली.'

'कनिंग मॅन' भेटला तर 'धूर्त माणूस' लिहू नका. गावात गुरं आजारी पडली, चोरी झाली, करणीचा संशय आला तर लोक ज्याच्याकडे जात तो हा. कनिंगचा मूळ अर्थ जाणणारा, आणि त्याचा धातू आपल्या 'ज्ञा'चा, 'जाणणे'चा सख्खा भाऊ. म्हणजे जाणता. 'जाणत्याला दाखवा एकदा' हे आपल्याकडेही म्हणतातच.

करणीवरून आठवलं. 'फेटिश' हा इंग्रजी शब्द पोर्तुगीज 'फेइतिसो'वरून आला. तो लॅटिन 'करणे' या अर्थाच्या धातूतला: केलेलं, घडवलेलं. पोर्तुगीजांना चेटूक म्हणजे 'केलेलं', संस्कृतात ती कृत्या, आणि आपली करणी. तीन भाषा, एकच आरोप: कुणीतरी केलंय.

राहता राहिला 'विच'. गोष्टीतली असेल तर चेटकीण, बिनदिक्कत. पण मालिकेत एका प्रसंगात जमाव एका विधवेला ओढत नेतो. सहकारी म्हणाली, 'दादा, इथे डाकीण लिहा ना, जास्त धारदार आहे.' मी नको म्हटलं. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये १७३५ च्या कायद्याने चेटूक हा गुन्हा राहिला नाही, चेटकाचं सोंग करणं हा गुन्हा झाला. हेलन डंकन नावाच्या बाईला १९४४ मध्ये त्याच कायद्याखाली तुरुंगात टाकलं आणि १९५१ मध्ये तो रद्द झाला. आपला जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. नंदुरबारकडे सातपुड्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण करणं, गावाबाहेर काढणं हे प्रकार माझ्या हयातीतले आहेत. तो शब्द तिथे अजून गरम आहे, तो मी मनोरंजनाच्या पट्टीत टाकणार नाही. 'चेटकीण ठरवलेली बाई' लिहिलं. लांब झालं, दोन ओळींत मोडावं लागलं.

फाईल परत आली तेव्हा 'अपसव्य'खाली पिवळी खूण होती: प्रेक्षकांना कळेल का? मी उत्तर दिलं की तुमच्या घरातल्या कुठल्याही मोठ्या माणसाला विचारा. अजून उत्तर आलेलं नाही. दरम्यान 'पॉपेट'साठी, म्हणजे टाचण्या टोचायच्या कापडी बाहुलीसाठी, तुमच्या गावाकडे 'करणीची बाहुली'पेक्षा छोटा शब्द असेल तर सांगा. जागा फक्त एका ओळीची आहे.