मदत हवी आहे: तीन पत्तीवाल्यांनी टेक्सास होल्डेम शिकायचं कसं?

नमस्कार मंडळी, मी नागपूरची. घरात रमी, मेंढीकोट, तीन पत्ती सगळं लहानपणापासून, दिवाळीत तर पत्ते पिसता पिसता पहाट व्हायची. आता माझा दीर बदली होऊन मिहानला आला आणि त्याने दर शनिवारी घरी टेक्सास होल्डेम, म्हणजे पोकरचा एक प्रकार, सुरू करून दिलं. पैसे नाही हां, चिंचोके. चिप्सचा सेट मागवू म्हणते पण चिंचोक्यांवर मस्त चालून राहिलं तर खर्च कायले.

नियम वरवर कळले. प्रत्येकाला दोन पत्ते उपडे, बेटिंग, मग मधात तीन पत्ते उघडले की फ्लॉप, मग एक टर्न, मग एक रिव्हर, आणि दरवेळी परत बेटिंग. तीन पत्तीत बूट (डावाच्या सुरुवातीची ठरलेली रक्कम) सगळेच टाकतात, इथे डीलरच्या बटणाच्या (डीलर कोण ते दाखवणारी खूण) डावीकडचे दोघंच स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड, म्हणजे सक्तीची लहान आणि मोठी बेट, टाकतात, तेही पत्ते पाहायच्या आधी. इथवर ठीक आहे.

पण मागच्या शनिवारी दोन भांडणं झाली. एक म्हणजे दीर म्हणतो कलर (सगळे पत्ते एकाच चिन्हाचे, जसे सगळे बदाम) हा सिक्वेन्सपेक्षा (ओळीने येणारे पत्ते) मोठा. आमच्या सासूबाई म्हणे असं कुठं असते का बाप्पा, आयुष्यभर सिक्वेन्स मोठा पाहिला. दुसरं, टेबलावर एक्का, राजा, सत्ती, सत्ती, दुर्री. माझ्याकडे एक्का-राणी, जाऊबाईकडे एक्का-दश्शी. माझी राणी मोठी ना? तरी दीराने पॉट (मधात जमलेले चिंचोके) अर्धा-अर्धा वाटला, आणि मी अजून फुगून आहे. बरोबर कोण ते सांगा, आणि पॅक कधी करायचं, म्हणजे पत्ते टाकून डाव कधी सोडायचा, तेही सांगा कारण मला दोन पत्ते हातात आले की सोडवतच नाही, पाहू तर खरं काय उघडते असं होते. सरावाला एखादं ॲप चालेल का?

इस्पिक_एक्का: दीर बरोबर आहे, आणि सासूबाईही आपल्या जागी बरोबर आहेत 😄 जे कमी वेळा जमतं ते मोठं, एवढाच हिशोब. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात, त्यात साधा सिक्वेन्स ७२० वेळा आणि कलर १,०९६ वेळा, म्हणून तिकडे सिक्वेन्स भारी. पाच पत्त्यांत उलटं होतं, २५,९८,९६० हातांपैकी सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८ फक्त. कलरच्या वर फुल हाउस, म्हणजे एकसारखी तीन अधिक एक जोडी. अजून एक, एक्का-दुर्री-तिर्री तीन पत्तीत बऱ्याच घरी दोन नंबरचा सिक्वेन्स धरतात, इथे एक्क्यापासून पंजीपर्यंतचा सिक्वेन्स सगळ्यात लहान. त्यावरूनही भांडण होणार आहे तुमच्याकडे, आधीच सांगून ठेवतो.

धंतोलीकर: ताई, पॉट बरोबर वाटला. सात पत्त्यांतून बेस्ट पाचच मोजतात. तुमचे एक्का-एक्का, सत्ती-सत्ती आणि पाचवा टेबलावरचा राजा. जाऊबाईंचेही अगदी तेच. राणी सहावी, तिला कोणी विचारत नाही. टेबलावर राजाच्या जागी चौकी असती तर पॉट तुमचा होता.

मूळ धागाकर्ती: असं काय! म्हणजे हातातला पत्ता मोठा असून उपयोग नाही जर टेबलावर त्याहून मोठा पडला असेल तर. बरं, जाऊबाईला सांगते (नाही सांगत). पॅकचं बोला कोणीतरी.

इस्पिक_एक्का: पॅक हीच खरी शिकायची गोष्ट आहे आणि तीन पत्तीवाल्यांना तीच जड जाते, कारण तिकडे ब्लाइंड, म्हणजे पत्ते न पाहता, खेळून दाबायची सवय. सुरुवातीला मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी असलं काही आलं तरच खेळा, बाकी सरळ टाकून द्या. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते तेव्हा तिची वाट पाहत बसू नका, पण नव्वी-तिर्री घेऊन फ्लॉप बघायला जाणं म्हणजे चिंचोके वाटणं. बसायची जागाही बघा, बटणावरचा फ्लॉपनंतर शेवटी बोलतो, सगळ्यांचं पाहून ठरवतो, तिथे थोडे हलके पत्तेही चालतात.

आता कलरसाठी एक पत्ता कमी असेल तेव्हाचं. समजा चार बदाम झाले, तुम्हाला न दिसलेले नऊ बदाम उरले. फ्लॉपनंतर नवाला चारने गुणा, टर्ननंतर दोनने, कलर जमायचा चान्स साधारण तेवढे टक्के. टर्ननंतर १८ आले (खरं तर २० च्या जवळ). पॉटमध्ये ४० चिंचोके, समोरच्याने २० टाकले, तुम्हाला २० भरून ८० च्या पॉटवर बसायचं, म्हणजे निदान २५ टक्के चान्स पाहिजे. नाही ना? मग पॅक. दीर कितीही चिडवो.

ॲप फुकट चिप्सवालंच घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, त्यात पैसे लावून ऑनलाइन खेळ चालवण्यावर बंदी आहे. फक्त फुकट चिप्सवर लोक कशावरही ऑल-इन करतात, म्हणजे सगळ्याच चिप्स लावतात, त्यामुळे नियम पाठ होतील, समोरचा माणूस वाचणं शिकायला घरचाच शनिवार बरा.

मूळ धागाकर्ती: नवाला चारने गुणायचं सासूबाईंना लगेच जमलं, मला वही लागली. आता दीर म्हणून राहिला की पुढच्या वेळी ओमाहा, पोकरचाच दुसरा प्रकार, खेळू, चार पत्ते हातात आणि त्यातले नेमके दोनच वापरायचे म्हणते. हे खरं आहे की हा घरचा नियम आहे त्याचा?

धंतोलीकर: खरं आहे. हातातले दोन आणि टेबलावरचे तीन, कमी नाही जास्त नाही. हातात चार बदाम आले तरी टेबलावर तीन बदाम आल्याशिवाय कलर होत नाही. दिवाळीपर्यंत होल्डेमच खेळा.