मदत हवी आहे: सीव्हीडीने (गरम गॅसमधून पृष्ठभागावर पदार्थ वाढवण्याची पद्धत) कार्बन नॅनोट्यूब वाढवताना गॅसचा एकूण प्रवाह वाढवू की इथिलीन कमी करू?

सिलिकॉनवर १० नॅनोमीटर ॲल्युमिना, त्यावर उत्प्रेरक म्हणून १ नॅनोमीटर लोह. आतून २२ मिमी व्यासाची क्वार्ट्झ नळी, ३० सेंमी तापलेला भाग, ७५० अंश सेल्सिअस, वातावरणीय दाब. आर्गॉन ४००, हायड्रोजन १००, इथिलीन १०० एससीसीएम (प्रमाण तापमान-दाबाला मोजलेले घन सेंमी प्रति मिनिट).

गॅस आत येतो त्या बाजूच्या नमुन्यावर कार्बन नॅनोट्यूबचं उभं, दाट जंगल येतं. गॅसच्या वाटेत त्यानंतर येणाऱ्या नमुन्यावर मात्र काजळी, आणि रामनमध्ये (लेसर प्रकाशाच्या विखुरण्यावरून रचना तपासणारी चाचणी) कार्बनमधले दोष दाखवणारं डी शिखर सुव्यवस्थित कार्बनच्या जी शिखरापेक्षा उंच. नमुन्यांची अदलाबदल केली तरी फरक जागेचाच राहतो. थर्मोकपलने पाहिलं, दोन्हीकडे तापमान सारखंच आहे. नळी हवेत तापवून आतला कार्बन जाळूनही घेतली.

माझ्या हिशोबाने गॅस गरम भागात सुमारे ३ सेकंद राहतो, तेवढ्यात इथिलीन जास्त विघटित होत असावं. नुसतं इथिलीन कमी केलं की त्याचा आंशिक दाब (मिश्रणाच्या दाबातला त्याचा वाटा) आणि गॅस गरम भागात राहण्याचा वेळ दोन्ही बदलतात, त्यामुळे कारण वेगळं काढता येत नाही.

हायड्रोजन १५० च्या वर नेण्याची परवानगी नाही, पाण्याची वाफ सोडायची सोयही नाही.

तर, प्रमाण तेच ठेवून एकूण प्रवाह ९०० करावा की एकूण ६०० च ठेवून इथिलीनच्या जागी आर्गॉन वाढवावा? आणि प्रवाह वाढवल्यावर गॅस पुरेसा तापण्याआधीच पहिल्या नमुन्यापर्यंत पोहोचून तिथली वाढ खुंटते, असा कुणाचा अनुभव आहे का?