शोभेच्या रताळ्याची पानं पिवळी पडतायत

गॅलरीत १० इंची कुंडीत पोपटी पानांचा वेल आहे. खालची पानं पिवळी पडून गळतायत, वेल नुसता लांबतोय. खत वाढवू का?

— खत नकोच! आधी बोट दोन पेरं मातीत घालून बघा. चिकट ओल लागली, तर मुळं कुजू लागली असतील. कुंडीखालच्या बशीतलं पाणी ओतून टाका. माती, कोकोपीट, गांडूळखत समभाग आणि दोन मुठी जाड वाळू घालून कुंडी पुन्हा भरा.

— लांबतोय तो उन्हाअभावी. सकाळचं ४-५ तास ऊन हवंच. शेंडे पेराच्या (पान फुटतं त्या गाठीच्या) लगेच वर खुडा, पानाच्या बगलेतून नवे फुटवे येतात. खुडलेला १५ सेंमीचा तुकडा, दोन पेरं मातीत, आठवडाभरात मुळं धरतो.

— कुंडी फुगली तर आत रताळी धरलीत. खाता येतात, पण चव फिकी.