शेतावरच्या कामाला आणि ट्रेकला, दोन्हीकडे टिकतील असे चामड्याचे बूट कुठले घ्यावेत?

सोनकी

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच विचारतेय. मी मुलुंडला राहते, मुरबाडच्या पुढे आमची अडीच एकर जमीन आहे, बाबा गेल्यापासून मीच बघते. शनिवारी पहाटे लोकलने कल्याण, तिथून एसटी, रविवारी रात्री परत. भात, नंतर थोडा वाल, आणि बांधावर बाबांनी लावलेली आंब्याची 22 कलमं. महिन्यातून एखादा ट्रेकही होतो, गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट, सगळं तिकडचंच, म्हणजे वेगळं जायला लागत नाही.

तर अडचण अशी की दोन वर्षांत तीन जोड झाले. ट्रेकिंगचे म्हणून घेतलेले बूट कुदळ-फावड्याच्या कामाला टिकत नाहीत, फावड्यावर पाय देऊन दाब दिला की तळ मधोमध वाकतो आणि रात्री तळपाय ठणकतो. गेल्या नोव्हेंबरात तर भात कापलेल्या खाचरातून चालताना एक धसकट सरळ सोलमधून वर आलं. आधी काही कळलंच नाही, वाटलं खडा टोचला, बांधावर बसून बूट काढला तर अंगठ्याखाली मोजा लाल झालेला. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं आणि ठरवलं की आता चामड्याचेच घ्यायचे, एकदाच काय ते.

बजेट 6 हजार, अगदीच चांगले असतील तर 8 पर्यंत जाईन. स्टील टो (पुढे बोटांवर पोलादी वाटी असलेला) घ्यावा का? वॉटरप्रूफ लिहिलेले घ्यावेत का? आणि माझा नंबर 4 आहे, दुकानात सेफ्टी शूज मागितले तर सरळ "लेडीजमध्ये नाही येत" म्हणतात, त्याचं काय करायचं तेही सांगा.

घसारा

ताई, आधी एक गोष्ट लिहून ठेवा, चामडं कसलं हे नंतर बघायचं, आधी सोल अपरला, म्हणजे बुटाच्या वरच्या भागाला, कसा जोडलाय ते बघायचं. मी हे फार महागात शिकलोय. एका नावाजलेल्या कंपनीचे (नाव नाही घेत) चामड्याचे बूट होते माझ्याकडे, जपून वापरायचे म्हणून दोन वर्षं खोक्यात घालून माळ्यावर ठेवले. हरिश्चंद्रगडाला म्हणून काढले, खिरेश्वरवरून निघालो, तोलार खिंडीच्या थोडं आधी उजव्या पायाला काहीतरी हलकं हलकं वाटायला लागलं, खाली बघतो तर सोल मागे तीन पावलांवर पडलेला. हातात घेतला तर शिळ्या केकसारखा चुरा होत होता. अर्ध्या तासात डावाही गेला. सुतळी गुंडाळून उरलेला गड केला आणि उतरलो, त्यानंतर आठवडाभर घोटा सुजलेला होता.

नंतर कळलं की तो सोल पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा होता. पीयू हवेतलं बाष्प घेऊन आतल्या आत तुटत जातो, वापरा नाहीतर ठेवून द्या, काही फरक पडत नाही. आपल्या मुंबईची हवा कशी आहे ते सांगायला नको. तेव्हा तळ रबराचाच घ्या आणि तो शिवलेला असू दे. नुसता चिकटवलेला असेल तर एकदा उघडला की मोची परत चिकटवून देतो पण पहिल्या ओढ्यात पुन्हा तोंड वासतो. शिवलेल्याला कडेने पट्टी असते, तिला वेल्ट म्हणतात, अपर आधी त्या पट्टीला शिवतात आणि मग पट्टीला सोल, त्यामुळे सोल झिजला की टाके उसवून नवा बसवता येतो, वरचं चामडं तसंच राहतं. एक बारकावा, कधीकधी चिकटवलेल्या सोललाही कडेने खोटे टाके दिलेले असतात, म्हणून बूट उलटा करून तळाच्या कडेला खाचेत दोरा दिसतो का ते बघा.

सोलची नक्षी खोल हवी पण रबर फार कडक नको. हे खाचांचे रबरी सोल आले त्यामागची गोष्ट मला नेहमी आठवते. 1935 मध्ये आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक वादळात सापडून दगावले, त्यांच्या पायातले बूट तिथल्या थंडीला पुरे पडणारे नव्हते. व्हिताले ब्रामानी त्यांचा सोबती, तो त्या धक्क्याने हादरलाच आणि 1937 मध्ये त्याने रबराचा खाचांचा सोल काढला, त्याच्याच नावावरून व्हिब्रम. पायाखालच्या त्या अर्ध्या इंचाला मी तरी तेव्हापासून हलक्यात घेत नाही.

कातळटप्पा

माझं मत थोडं वेगळं. आपल्या सह्याद्रीला चामड्याचे जड बूट लागतच नाहीत. दीड-दोन किलोचा जोड घालून कातळटप्प्यावर पायाला अंदाज येत नाही, कुठली खोबण धरतेय ते कळत नाही. साधे हलके रबरी तळाचे ट्रेकिंग शूज पकडीला कितीतरी चांगले, ओले झाले तरी दुसऱ्या दिवशी सुकतात. शेताला वेगळे घ्या, ट्रेकला वेगळे. दोन्हीचा मिळून खर्च 8 हजारांच्या आतच होईल.

घसारा

@कातळटप्पा, रॉक पॅचला तुझं शंभर टक्के बरोबर, पण त्या अलंग-मदनला निघाल्या नाहीत. गोरखगडाचा वरचा कोरीव पायऱ्यांचा भाग सोडला तर मळलेली वाट आणि घसारा, म्हणजे सुटी माती-खडे. पाठीवर 10 किलो घेऊन घसाऱ्यावरून उतरताना घोट्याला आधार लागतोच.

आरी_दोरा

उशिरा लिहितोय, आज धागा दिसला. माझे वडील ठक्करबाप्पा कॉलनीत आयुष्यभर अपर शिवायचे, मी त्यांच्याच बाजूला बसून अभ्यास केलाय, त्यामुळे चामड्यावर थोडं बोलू शकतो.

"जेन्युइन लेदर" असा शिक्का बघून खूश होऊ नका, त्याचा अर्थ फक्त कुठूनतरी चामडं आहे एवढाच. कातडं जाड असतं, त्याचे थर काढतात. सगळ्यात वरचा, केसांच्या बाजूचा थर न घासता ठेवला तर ते फुल ग्रेन, त्यात तंतू घट्ट विणलेले असतात, खरी ताकद तिथेच. त्याखालचा थर म्हणजे स्प्लिट, तो सैल असतो, त्याच्यावर प्लास्टिकचा मुलामा देऊन छान गुळगुळीत करतात आणि तेही "जेन्युइन" म्हणूनच विकतात. ओळखायचं कसं, तर अंगठ्याने दाबा. फुल ग्रेनवर अंगठ्याभोवती बारीक बारीक सुरकुत्या पसरतात, हाताच्या कातडीसारख्या, आणि अंगठा काढला की जातात. मुलाम्याचं चामडं रबरासारखं नुसतं आत जातं, आणि सहा महिन्यांनी बोटांच्या वळणाशी पापुद्रे सुटायला लागतात. जिभेची कापलेली कड पण बघा, तंतू दिसले पाहिजेत. वास बघून घेऊ नका, वास फवारता येतो.

जाडी 2 मिलिमीटरच्या वर हवी. आपल्याकडे म्हशीचं चामडं जास्त मिळतं, दिसायला खरबरीत पण कामाच्या बुटाला चांगलंच. कोल्हापुरीचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं, ते वहाणेला उत्तम, पण सतत ओलं-सुकं होणाऱ्या बुटाला क्रोममध्ये (क्रोमियमच्या क्षारात) कमावलेलं घ्यावं, ते पाण्याने कडक पडत नाही.

ताईंचा तळ वाकतो म्हणताय ना, त्याचं कारण आत शँक नाही. टाच आणि चवड्याच्या मध्ये, कमानीखाली एक पोलादी पट्टी घालतात, ती असली की फावड्यावर सगळा भार दिला तरी पाय वाकत नाही. दुकानात बूट दोन्ही हातांनी धरून दुमडून बघा, फक्त बोटांच्या सांध्याशी वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर ठेवून द्या. आणि टाच वेगळी उठावदार हवी, सपाट तळाचा बूट फावड्यावरून सटकतो.

स्टील टो: आयएस 15298 मार्कचे सेफ्टी शूज 200 जूलचा मार झेलतात, पॉवर टिलर किंवा ग्रास कटर चालवत असाल तर त्या दिवसापुरते जरूर घाला, पण ते घालून गड उतरू नका. उतारावर बोटं पुढे सरकून त्या वाटीवर आपटतात, नखं काळी पडतात.

नंबर 4 चं म्हणाल तर तयार मिळणं कठीणच. मुलांच्या नंबरात बघता येईल पण ते अरुंद आणि नाजूक असतात. त्यापेक्षा मापाने करून घ्या. धारावीत मेन रोडवर चामड्याच्या दुकानांची रांगच आहे, बहुतेक बॅगा आणि जॅकेटं, पण बुटाचं काम करणारेही आहेत, विचारत गेलात की सापडतील. आमच्या ठक्करबाप्पामध्येही आहेत. आधी फर्मा, म्हणजे ज्यावर बूट बेततात तो पायाच्या आकाराचा साचा, तुमच्या पायाचा आहे का विचारा, बायकांचा पाय म्हणजे पुरुषांचा छोटा पाय नव्हे, टाच अरुंद असते, पुरुषांच्या फर्म्यावर केला तर टाच उचलत राहणार. माप संध्याकाळी द्या, दिवसभर चालून पाय पसरतो, आणि जे जाड मोजे घालणार तेच घालून द्या.

पेणकर_शेतकरी

सगळ्यांनी छान माहिती दिलीय पण पावसाळ्याचं कोणी बोललंच नाही. मी भातवाला माणूस आहे म्हणून स्पष्ट सांगतो, जून ते सप्टेंबर चामड्याचे बूट शेतात न्यायचेच नाहीत, मग ते कितीही हजाराचे असोत. चार महिने सतत ओलं चामडं आणि आतला दोरा, दोन्ही कुजतात. वॉटरप्रूफ लिहिलेलंही नको, पाणी वरून घोट्यातून आत गेलं की आतल्या पाणी अडवणाऱ्या पडद्यामुळे बाहेर पडत नाही, आणि आपल्या उकाड्यात घामानेच पाय भिजतो. पावसाळ्यात बांधावर, खताजवळ, गोठ्यात साधे गुडघ्यापर्यंतचे गमबूट. चिखलणी केलेल्या खाचरात मात्र गमबूटही अडकतो, पाय वर येतो आणि बूट खाली राहतो, तिथे आवणीला (रोपं लावायला) सगळे अनवाणीच उतरतात. पायाला जखम असेल तर तुम्ही उतरू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) जंतू उंदराच्या मुतातून पाण्यात येतो आणि जखमेतून शिरतो. अंगावर काढून चालणारा आजार नाही तो, ताप आला तर डॉक्टरला शेतात काम केल्याचं आठवणीने सांगा.

दुसरं म्हणजे युरिया आणि शेणखत. हे चामडं खातात. संध्याकाळी ओल्या फडक्याने बूट पुसायचाच, शिवणीतलं खत जुन्या टूथब्रशने काढायचं. मी पहिला चांगला जोड याच आळसात घालवला, दीड वर्षात शिवणीजवळ चामडं पापडासारखं मोडायला लागलं.

आणि बूट घोट्याच्या वर जाणाराच घ्या हो. फुरसं हा विषारी साप दीड-दोन फुटाचा, दगडात नाहीतर पाचोळ्यात बसलेला, बहुतेक वेळा पावलाला नाहीतर घोट्याजवळच चावतो. जाड चामड्याने बराच फरक पडतो. तरी अंधारात बॅटरी आणि काठी हवीच, आणि चावलंच तर बांधणं-कापणं काही न करता सरळ सरकारी दवाखाना.

सोनकी

बाप रे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. म्हणजे माझा प्रश्नच चुकला होता, एकच बूट बाराही महिने चालणार नाही. पावसाळ्यात गमबूट, दसऱ्यापासून मेपर्यंत चामड्याचे, असं ठरवते. पण मग ते चार महिने चामड्याचे बूट ठेवायचे कुठे? गेल्या जुलैत कपाटातल्या पर्सवर हिरवी-पांढरी बुरशी आली होती. तेल कुठलं लावू, घरात खोबरेल आहे.

आरी_दोरा

खोबरेल नको, चामडं मऊ पडतं आणि काही दिवसांनी खवट वास मारतं. वडील मधमाशीचं मेण आणि एरंडेल एकत्र गरम करून लावायचे, थोडंच, फडक्याने चोळून, खास करून शिवणीवर. फार लावलंत तर बूट लोळागोळा होतो, दोन महिन्यांतून एकदा बास. ठेवताना प्लास्टिकची पिशवी आणि बंद खोकं दोन्ही नको, उघड्या रॅकवर, आत वर्तमानपत्र कोंबून, आणि ते पेपर बदलत राहायचे. बुरशी आलीच तर अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी करून पुसा आणि पंख्याखाली सुकवा. उन्हात नाही, आणि गॅसजवळ तर अजिबात नाही.

सोनकी (पाच आठवड्यांनंतर)

झालं एकदाचं! धारावीत एका काकांकडे करून घेतले, 7200 पडले. त्यांनी तपकिरी कागदावर दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवली आणि म्हणाले, बघा, तुमचा उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा आहे. एवढ्या वर्षांत मला माहीतच नव्हतं, उजव्याच अंगठ्याचं नख का काळं पडायचं ते त्या दिवशी कळलं. म्हशीचं चामडं, वेल्ट शिवलेली, रबराचा तळ, शँक त्यांनी बसवायच्या आधी मला हातात दिली. रोज संध्याकाळी घरात तासभर घालतेय, खाली भाजी आणायलाही तेच. फक्त डाव्या टाचेला वरच्या कडेशी चावतायत, फोड नाही पण लाल होतंय. पुढच्या रविवारी सिद्धगडाला जायचं म्हणतेय, जाऊ का?

आरी_दोरा

इतक्यात नको ताई. त्या कडेला आतून मेणबत्ती घासा आणि चमच्याच्या गोल पाठीने दाबून दाबून चोळा, रोज पाच मिनिटं, कड मऊ पडेल. लेस वरच्या दोन भोकांशी घट्ट आवळून घ्या म्हणजे टाच खाली बसून राहील, टाच हलते म्हणूनच चावतात. आधी दोन रविवार शेतावर घाला, मग सिद्धगड. आणि लाल कमी झालं नाही तर त्याच काकांकडे परत न्या, कडेला आतून मऊ अस्तराची पट्टी लावून देतील, अर्ध्या तासाचं काम आहे.